बिनचार्जचा डबा पाईपामागं काहून पळते?

झेडपीचे_गुरुजी

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, मारेगावकडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सातवीच्या सामान्य विज्ञानात स्थितिक विद्युतचा धडा आहे, तो नेमका आत्ता घ्यायचा आहे आणि बाहेर झड लागलेली. कंगवा आणि कागदाचे कपटे हे पोरांनी कधीचंच करून सोडलेलं असते, त्यात कोणाला काही वाटत नाही. म्हणून झड लागायच्या आधी चांगलं ऊन पाहून वायरिंगचा पांढरा पाईप घोंगडीवर खसाखसा घासला, कोल्ड्रिंकचा रिकामा टीनचा डबा फरशीवर आडवा ठेवला आणि पाईप त्याच्याजवळ नेला. टेकवला नाही, चार बोटं लांबच ठेवला. डबा गडगडत पाईपामागं. पाईप मागं घेतला की डबा पुढं, दुसऱ्या बाजूनं धरला की उलटा फिरून तिकडं. वर्गात नुसता कल्ला.

मग एक पोरगी म्हणे, सर, घासला तुम्ही पाईप, डब्याले तर काहीच केलं नाही, मंग तो काहून ओढल्या जाते? मी प्रवर्तन (न शिवता, नुसतं जवळ आणून चार्ज सरकवणं) म्हणून सांगितलं, फळ्यावर अधिक-उणे काढले. तर म्हणे, अधिकही तेवढेच, उणेही तेवढेच, मंग ओढणं अन् ढकलणं सारखंच व्हाले पाहिजे ना. आता यात पोरीचं चुकलं कुठं हे दोन वाक्यांत मला सांगता येईना.

दुसरी अडचण. चॉकलेटच्या चांदीची गोळी करून शिलाईच्या दोऱ्यानं टांगली. ती पाईपाला शिवून मग लांब पळायला पाहिजे. आमची गोळी पळतच नाही, पुन्हा पुन्हा येऊन चिकटते. आणि या झडीत तर पाईपच मेला आहे, कपटासुद्धा उचलत नाही. कोणी यातलं करून पाहिलेलं असेल तर सांगा.

तर्रीपोहा

पहिले हे सांगा गुरुजी, झेडपीच्या शाळेत कोल्ड्रिंकचा टीन आला कुठून? साहेब लोक आलते काय तपासणीले?

पऱ्हाटी

सोप्पं हाय गुरुजी. एसटीत पुढच्या दारातून दारूडा चढला का सारे मागं सरकतात. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही, कंडक्टरचा तिकिटाचा हिशेब तोच, पण पुढची सीटं मोकळी अन् मागं नुसती कोंबाकोंब. डबा म्हणजे एसटी. घोंगडीवर घासलेला पाईप उणे होते, डब्यातले इलेक्ट्रॉनबी उणे, ते पाईपाले पाहून डब्याच्या पाठीकडं पळतात. पाईपाकडच्या बाजूले इलेक्ट्रॉन कमी पडले म्हणजे ते बाजू अधिक झाली. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात म्हणून हे चुटकीसरशी होते. झालं.

लोडशेडिंग

एसटी झकास आहे, पण मुलीचा प्रश्न तिथेच राहिला ना भाऊ. लोक मागे सरकले हे समजलं. पण एसटी दारूड्याकडे का ओढली जाते, ते कुठे समजलं?

गुरुजी, तिचं गणित अर्धं बरोबर आहे. अधिक-उणे मोजायला सारखेच आहेत, पण पाईपापासून सारख्या अंतरावर नाहीत. अधिक बाजू पाईपाच्या तोंडाशी, उणे बाजू डब्याच्या जाडीइतकी मागे. आणि विद्युत बल अंतराप्रमाणे झपाट्यानं घटतं. कूलोमनं १७८५ मध्ये पीळ दिलेल्या बारीक तारेचा काटा करून हेच मोजलं, अंतर दुप्पट की बल चौथा हिस्सा. म्हणून जवळच्या अधिकाला लागलेली ओढ लांबच्या उणेला बसलेल्या धक्क्यापेक्षा मोठी. वजाबाकी करून जे उरतं त्याच्यावर डबा पळतो. तिला विचारा, बल अंतरावर अवलंबूनच नसतं तर काय झालं असतं? तेव्हा तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर, डबा जागचा हलला नसता.

आता पुढचं. पाईपाऐवजी काचेची नळी रेशमावर घासा. ती अधिक होते. आता डब्यातले इलेक्ट्रॉन पळण्याऐवजी नळीकडे गोळा होतात, म्हणजे जवळची बाजू उणे. पुन्हा ओढच! चार्ज कोणताही आणा, बिनचार्जचा धातू कधी ढकलला जात नाही. वर्गात पैज लावा, डब्याला न शिवता डबा लांब ढकलून दाखवायचा. पोरं सगळं घासून पाहतील, पेन घासतील, पट्टी घासतील, फुगा घासतील, डबा प्रत्येकाकडे पळत येईल. म्हणून एखाद्या वस्तूवर चार्ज आहे की नाही हे ओढण्यावरून ठरत नाही, ढकलण्यावरूनच ठरतं.

आणि अंतराची गंमत अजून आहे. चार्ज एका बिंदूवर आणि समोर धातूची बारकी गोळी असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ओढ चौथा हिस्सा नाही, बत्तिसावा हिस्सा होते. कारण लांब गेल्यावर इलेक्ट्रॉनही कमी सरकतात आणि जवळ-लांबचा फरकही कमी राहतो, दोन्ही मार एकदम बसतो. तुमचा पाईप लांबुळका आणि डबाही काही बारका नाही म्हणून इतकी खडी घसरण दिसणार नाही, पण चार बोटांवर पळणारा डबा वीतभर अंतरावर ढिम्म का बसतो ते यातच आलं.

तर्रीपोहा

काचेची नळी कुठून आणावं बे? आमच्याकडं काचेचं म्हणजे क्वार्टर. अन् मी राह्यतो वर्ध्यात, तिथं कागदावर थेबी नाही.

कोसाकाकू

गोळीचं मी सांगते. गुरुजी, तुमचा दोरा सुती आहे ना? मग तोच चोर आहे. सूत हवेतलं पाणी पिते, आणि ओला दोरा वीज वाहून नेतो. गोळी पाईपाला शिवली, थोडा चार्ज घेतला, तो दोऱ्यातून वर हूकमध्ये, तिथून भिंतीत गेला. गोळी पुन्हा कोरी, की पुन्हा ओढली गेली. ती पळेल कशी, पळायला तिच्याजवळ चार्ज राहायला तर पाहिजे.

रेशमाच्या धाग्यानं टांगून पाहा. आमच्या भंडारा जिल्ह्यात कोसा विणणारी घरं आहेत, तिथं तुटका कोशाचा धागा असाच मिळते. हा शोध जुना आहे बरं. इंग्लंडात स्टीफन ग्रे म्हणून होता, धंद्यानं रंगारी, कपडे रंगवणारा. त्यानं १७२९ मध्ये लांबलचक दोरीतून वीज नेऊन दाखवली, ती दोरी रेशमाच्या धाग्यांवर टांगली होती. धागा तुटला म्हणून त्याच जागी तितकीच बारीक पितळी तार लावली तर वीज दोरीत राहीचना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की धाग्याच्या बारीकपणानं काही होत नाही, तो कशाचा आहे त्याच्यावर सगळं. पुढं १७३० मध्ये त्यानं एका पोराला रेशमी दोऱ्यांवर आडवा टांगला, पोराला घासलेल्या काचेच्या नळीनं चार्ज दिला आणि पोराच्या हाताकडं, तोंडाकडं पितळेच्या बारीक कपट्या उडायला लागल्या. माणूसही चांगला वाहक असतो म्हणून.

तर्रीपोहा

गुरुजी पोट्टे टांगू नका. निलंबित व्हाल.

पऱ्हाटी

कापसाचा जिल्हा यवतमाळ अन् धागा आणा म्हणते भंडाऱ्याहून. हे काही बरोबर नाही काकू. मासे धराची तंगूस चालन काय?

कोसाकाकू

चालेल की. तंगूस नायलॉनची, पाणी फारसं पीत नाही. फक्त हातानं चोळू नका, घामाचं मीठ बसलं की तीही गळायला लागते.

बाभूळबन

काय विषय काढला राजेहो. हे गोळीचं वाचून आठवलं, पहिले प्रयोगशाळेत झाडाच्या गाभ्याच्या हलक्या गोळ्या टांगत, त्या आमच्या घरीच होत्या. ज्वारीच्या धांड्याचं भेंड! साल काढली का आत पांढरं हलकंफुल भेंड निघते, त्याची आम्ही बैलगाडी कराचो, चष्मा कराचो, सालीच्या काड्या टोचून. त्याची बोराएवढी गोळी कापा, वरून चांदी गुंडाळा, तंगूसले बांधा. नुस्त्या चांदीच्या गोळीपेक्षा हलकी होते, दुरूनच हालते.

फक्त आता धांडा भेटला पाहिजे. आमच्याकडं सारं सोयाबीन झालं, ज्वारी पेरते कोण, पेरली त रानडुकरं ठेवत नाहीत. धुऱ्यावर गुरापुरती चार तासं कोणी लावली असन त तिथं पाहा.

घोटा

मी तर रोज स्थितिक विद्युत करतो. खर्रा घोटतो तवा पन्नी हाताले चिकटते, झटकली तरी सुटत नाही. मास्तर, पानठेल्यावर शाखा काढा, पोट्टे पटकन शिकतीन.

झेडपीचे_गुरुजी

घोटा भाऊ, शाळेच्या आवारात खर्ऱ्याची पन्नी दिसली तर मला उत्तर द्यावं लागते, तुम्हाला नाही. (पन्नीचं मात्र खरं आहे, पॉलिथिन घासलं की उणे होते आणि हात त्याला वाहकासारखा भेटते.)

काकू, बाभूळबन, झकास. दोऱ्याची गोष्ट डोक्यातच नव्हती. म्हणजे सुती दोरा आणि तंगूस अशा दोन गोळ्या शेजारी शेजारी टांगल्या तर हाच एक प्रयोग होते.

राखरांगोळी

गुरुजी हे खेळण्यातलं नाही फक्त. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडं काम केलं आहे मी, ईएसपीच्या (धुरातली राख विजेनं पकडायचं यंत्र) मेंटेनन्सला. बॉयलरमधून धूर निघते, त्याच्यात राखच राख. आपला कोळसा म्हणजे शंभर किलोत तीस-चाळीस किलो राख. तो धूर सोडतात लोखंडी पत्र्यांच्या उंच उंच गल्ल्यांतून. पत्रे अर्थ केलेले, म्हणजे जमिनीला जोडलेले, आणि गल्लीच्या मधोमध बारीक तारा, त्यांच्यावर उणे डीसी, हजारोंनी व्होल्ट, चाळीस-पन्नास हजार म्हणा. तारेजवळची हवा फुटते, अंधारात निळसर दिसते. तिथले इलेक्ट्रॉन राखेवर बसतात, राख उणे होते आणि पत्र्यावर जाऊन चिकटते. मग पत्र्याला हातोडे बसतात, आपोआप, ठराविक वेळानं, राख खाली हॉपरमधे पडते. नव्याण्णव टक्क्यांच्या वर राख तिथंच अडते. तरी तुम्ही म्हणाल चंद्रपूरला काळं का असते, तर तो वेगळा धागा काढा.

काकूंच्या दोऱ्याशी याचा संबंध कसा ते सांगतो. पत्र्यावर बसलेल्या राखेनं चार्ज पत्र्याला देऊन टाकला पाहिजे, तर पुढची राख बसेल. आपल्या कोळशात गंधक कमी, त्यामुळं राख फार रोधक. चार्ज उतरतच नाही, थरातच साठून राहते, मग थरातूनच उलट्या ठिणग्या पडायला लागतात आणि बसलेली राख पुन्हा उडते. त्याला उपाय म्हणून काही ठिकाणी धुरात अमोनिया सोडतात. गुरुजींच्या दोऱ्यातून चार्ज गळते म्हणून रड, आमच्या राखेतून गळत नाही म्हणून रड.

आणि आत माणूस उतरायच्या आधी अर्थिंगची काठी लावून तारा रिकाम्या करतात आणि ती काठी तशीच लावून ठेवतात. बंद केलं म्हणजे संपलं असं नसते त्यात.

संत्रानगरी

झडीचा उपाय. गोष्ट एवढीच आहे की पाईपाच्या अंगावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि चार्ज त्याच्यावरून घसरून तुमच्या हातात जातो. दमट हवेतून चार्ज उडून जातो असं लोक म्हणतात, पण खरी चोरी पृष्ठभागावर होते. म्हणून पाईप आणि घोंगडी दोन्ही गरम करा. शाळेत पोषण आहाराची चूल असेलच, तिच्याजवळ (वर नाही!) धरा, कोमट झाला पाहिजे. हेअर ड्रायर असेल तर उत्तम. गरम केल्या केल्या घासा आणि लगेच दाखवा, गप्पा मारत बसाल तर गेलं. पाईप साबणानं धुवून पुसून वाळवलेला पाहिजे, तेलकट हात लागलेला नको. पोरांची गर्दी जवळ नको, चाळीस पोरं श्वास सोडतात त्याचंही पाणी होतं.

आणि एक नागपुरी गोष्ट. मे महिन्यात बाहेर हाडं वाळतील एवढी कोरडी हवा, मी घरी भाच्यांना हेच दाखवायला बसलो, काहीच होईना. वर बायको म्हणे उन्हामुळे असेल. मग कुलरकडे लक्ष गेलं. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा टब, पंखा फुल. खोलीत आम्हीच पावसाळा करून बसलो होतो! कुलर बंद करून अर्ध्या तासानं पाईपानं स्टीलचं उलथणं फिरवलं, उलथणं उलट्या वाटीच्या टोकावर तोलून ठेवलं होतं.

बाभूळबन

उलथण्याच्या जागी तुराटी चालते. वाळलेली सरळ तुराटी घ्या, काचेच्या बाटलीच्या गोल बुडावर तोलून ठेवा, पाईप टोकाजवळ न्या, भिंगरीसारखी वळते.

लोडशेडिंग

हे सगळ्यात जुनं यंत्र आहे. गिल्बर्टनं १६०० साली चुंबकावरच्या ग्रंथात असाच तोललेला काटा दिला आहे, धातूचा, खाली टोकदार आधार. घासलेला अंबर (झाडाच्या चिकाचा दगड झालेला खडा) जवळ आला की काटा वळतो. विजेचं पहिलं उपकरण म्हणतात ते हेच.

तुराटी काही धातू नाही, तरी वळते. एक तर लाकूड पावसाळ्यात थोडंफार वाहकच असतं. आणि जे वाहक नसतं त्यातही इलेक्ट्रॉन रेणूच्या आतल्या आत किंचित सरकतात, तेवढ्यानंही ओढ लागते, फक्त कमी. हा फरक दाखवायचा तर एका ताटात चांदीचे बारीक कपटे ठेवा, दुसऱ्या ताटात थर्माकोलचे मणी. पाईप वरून आणा. चांदीचे कपटे उडून शिवतात आणि लगेच फटकन लांब फेकले जातात, कारण शिवल्याबरोबर चार्ज सगळ्या कपट्यावर पसरला. थर्माकोलचे मणी जाऊन बसतात ते बसतातच, उठायचं नाव नाही.

शंकासुर

म्हणजे नळाची बारीक धार कंगव्याकडे वाकते तेही तेच ना? आम्हाला शिकवलं होतं पाण्याचा रेणू एका टोकाला अधिक, एका टोकाला उणे असतो म्हणून.

लोडशेडिंग

सगळ्या पुस्तकांत तेच लिहितात आणि मला ते पटत नाही. रेणू तसा असतो हे खरं, पण धार वाकायला मुख्य कारण वेगळं. नळाचं पाणी वाहक आहे आणि धार नळाला, म्हणजे जमिनीला जोडलेली आहे. उणे कंगवा जवळ आला की धारेतला उणे चार्ज वर नळाकडे ढकलला जातो, धार अधिक होते, आणि तुटणारा प्रत्येक थेंब अधिक चार्ज घेऊन खाली पडतो. म्हणजे तिथे रेणू नुसता तोंड फिरवत नाही, पाण्यावर सरळसरळ चार्ज येतो. केल्विननं १८६७ मध्ये याच्यावरच पाण्याचं यंत्र केलं. दोन धारा, खाली दोन डबे, वर दोन कड्या, प्रत्येक कडी समोरच्या डब्याला जोडलेली. काही घासायचं नाही, नुसतं पाणी पडू द्यायचं, थोड्या वेळानं दोन डब्यांमध्ये ठिणगी पडते.

शंकासुर

पण मग पुस्तक खोटं?

लोडशेडिंग

खोटं नाही, अपुरं. तपासायचं असेल तर धारेखाली थर्माकोलवर स्टीलचा डबा ठेवून पाणी त्यात गोळा करा आणि त्या डब्याला सोनपत्री किंवा चांदीपत्री विद्युतदर्शी, म्हणजे चार्ज ओळखायचं यंत्र, लावा. पानं फाकली तर थेंब चार्ज घेऊन आले. रेणू फक्त फिरले असते तर डब्यात काहीच आलं नसतं.

तर्रीपोहा

तुमच्याकडं नळाले रोज पाणी येते वाटते. आमच्याकडं चार दिसाआड, तवा धारेले कंगवा दाखवत बसलो त बायको मलेच वाकवन.

गुराखी

विषय निघालाच आहे तर विजेचंही सांगून टाका पोरांना गुरुजी, हा धडा त्याच महिन्यात येते ज्या महिन्यात माणसं मरतात. आमच्या शिवारात निंदणाऱ्या बाया पाऊस आला का बाभळीखाली, मोहाखाली पळतात. तेच नको. ढगाच्या खालच्या उण्या चार्जमुळं जमिनीवर प्रवर्तनानंच अधिक चार्ज जमा होते, आणि उंच झाड ढगाच्या जवळ. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी मारते, माणूस झाडापेक्षा चांगला वाहक.

आणि गुरं एकदम पाच-सहा काहून मरतात? वीज जमिनीत शिरून चारी बाजूंनी पसरते, जवळ व्होल्टेज जास्त, लांब कमी. गाईचे पुढचे पाय अन् मागचे पाय यांच्यात अंतर मोठं, म्हणून फरक मोठा, आणि करंट जाते छातीतून. माणसानं म्हणून पाय जुळवून उकिडवं बसावं, झोपू नये. पण पहिले पक्क्या घरात नाहीतर बंद पत्र्याच्या गाडीत जावं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडायचा धोका असला तर सांगते. घरातल्या पोराच्या मोबाईलमधे टाकून ठेवा.

घोटा

पण मोबाईलनंच वीज पडते म्हणतात ना? आमच्या गावात तर सारे बंद करून ठेवतात.

गुराखी

नाही भाऊ. मोबाईल वीज ओढत नाही. तारेवरचा जुना फोन, विजेची मोटर, तारेचं कुंपण यांना हात लावू नये हे खरं, कारण लांबवर पडलेली वीज तारेतून घरात येऊ शकते. मोबाईल बंद केला तर दामिनी पाहाल कशावर?

संत्रानगरी

गाडीत सुरक्षित का, हे वर्गात दाखवता येतं. ताटात कपटे ठेवा, वर लोखंडी चाळणी उलटी घाला, मग पाईप आणा. एकही कपटा उठत नाही. चाळणी काढली की सगळे उठतात. चाळणीतले इलेक्ट्रॉन असे सरकतात की आतलं बल मरून जातं. फॅरेडेनं १८३६ मध्ये यासाठी खोलीएवढा पिंजरा करून स्वतः आत बसून पाहिलं होतं. प्लास्टिकची चाळणी घेऊ नका म्हणजे झालं.

पऱ्हाटी

माझं एक. फवारणीचे चार्जवाले पंप निघाले हायेत, चंदीगडच्या सीएसआयओ संस्थेनंबी त्याच्यावर काम केलं हाय. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात एडवर्ड लॉ यांनी हे तंत्र उभं केलं. नोझलमधून निघता निघता थेंबाले चार्ज देते. झाड जमिनीत उभं, म्हणजे अर्थ झालेलं, ओलं पान वाहक. थेंब जवळ आला का पानात उलटा चार्ज सरकते अन् पान थेंबाले ओढून घेते. पानाच्या पाठीकडंबी बसते, जिथं पांढरी माशी राह्यते. म्हणजे गुरुजीचा डबा अन् पाईपच हाय, फक्त इथं डबा जागेवर अन् पाईपच उडून येते. खाली मातीत अन् हवेत औषध कमी जाते. २०१७ मधे यवतमाळात फवारणीत विषबाधा होऊन जे मेले त्यांच्यासारख्यांले हे किती कामाचं हाय ते पाहा. पण किंमत ऐकली का आपली साधी टाकीच बरी वाटते.

राखरांगोळी

अंगावर चार्ज येत नाही काय त्या पंपानं?

पऱ्हाटी

माणूसबी वाहकच ना, वारा उलटा फिरला त थेंब त्याच्याकडंबी ओढल्या जातीन. मास्क, हातमोजे लागतेच.

लोडशेडिंग

जाता जाता एक तिरपी गोष्ट. सारखे चार्ज ढकलतात हे आपण डोळे मिटून म्हणतो. दोन धातूचे गोळे, दोन्ही अधिक, पण एकावर जास्त आणि एकावर कमी, अगदी खेटून आणले तर बहुतेक वेळा ओढतात! कमीवाल्या गोळ्याच्या जवळच्या बाजूला प्रवर्तनानं उणे जमा होतं आणि ती ओढ जिंकते. गुरुजी, सातवीला सांगू नका, पण त्या मुलीनं दोन चार्ज केलेल्या गोळ्यांवर काही वेगळं पाहिलं तर तिला खोडू पण नका.

झेडपीचे_गुरुजी

मंडळी, काल उघडीप होती. चुलीजवळ पाईप कोमट केला, दोन गोळ्या टांगल्या, भेंडाच्या, वरून चांदी. एक सुती दोऱ्यानं, एक तंगूसनं. तंगूसवाली शिवली आणि अशी पळाली की पाईप घेऊन तिच्यामागं फिरावं लागलं. सुतीवाली येऊन चिकटून बसली. संख्येचं गणित फळ्यावर न करता फक्त जवळची बाजू आणि लांबची बाजू काढली, तर पोरीनं मान हलवली. मग तिनंच आणखी एक दाखवलं, दोन्ही गोळ्या कोऱ्या असताना, पाईप सारखाच लांब धरला तरी सुती दोऱ्याची गोळी जास्त ओढली जाते. म्हणे सर, हिच्यात काही जास्त आहे काय?

लोडशेडिंग

वा! हेच. सुती दोरा म्हणजे ती गोळी जमिनीला जोडलेली. तंगूसवर इलेक्ट्रॉन फक्त गोळीच्या पाठीपर्यंत पळू शकतात आणि तिथून पाईपाचा धक्का खात राहतात. सुती दोऱ्यात ते गोळी सोडून वरच निघून जातात. ढकलला जाणारा भागच गायब, निव्वळ अधिक उरलं, म्हणून ओढ मोठी.

तिला आता व्होल्टाची ताटली द्या, १७७५ ची. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घोंगडीवर घासा, तो उणे. त्याच्यावर स्टीलची ताटली, मधोमध प्लास्टिकचा ग्लास चिकटवून मूठ केलेली. ताटली ठेवली की बोट लावा, इलेक्ट्रॉन बोटातून जातात. बोट काढून मुठीनं ताटली उचला, ती अधिक झाली, ठिणगी देते. पुन्हा ठेवा, पुन्हा बोट, पुन्हा ठिणगी. थर्माकोल पुन्हा घासायची गरज नाही, बराच वेळ चालतं. ती विचारेल की एवढी ऊर्जा फुकट कुठून आली. तर थर्माकोल ताटलीला ओढून धरतो, त्या ओढीविरुद्ध तिचा हात ताटली उचलतो, तिथून आली. बोटाऐवजी साधा टेस्टर लावून अंधारात पाहायला सांगा. आतला निऑन दिवा उणे टोकाशी उजळतो. ताटली थर्माकोलवर असताना एका टोकाला, उचलल्यावर दुसऱ्या टोकाला. आणि गुरुजी, हा टेस्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये कोणी खुपसणार नाही एवढं बघा, पोरांना टेस्टर हातात आला की पहिली नजर तिकडेच जाते.

कोसाकाकू

गुरुजी, पत्ता व्यनि करा, कोशाचा धागा पाठवते. तंगूसपेक्षा बारीक आहे, गोळी आणखी हलकी झुलेल.

पऱ्हाटी

टेस्टर माझ्याकडून. टीव्हीच्या खोक्याचा थर्माकोल मातर कोणाकडं असन त बोला, आमच्या घरी उंदरानं खाल्ला.